पत्रकांच्या पट्ट्या

पाण्याच्या मोर्चासाठी मिळवलेला आमचा जुना ट्रक कळवा नाक्यावर बिघडला. ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा, दिवे लावले की वायपर फिरायचे. दुपारी ठाकुर्लीहून बायकांना घेऊन निघायचं होतं. मोर्चा पोचला नाही की पालिकेतले साहेब पुन्हा हात झटकायला मोकळे!

तिथल्या गॅरेजातल्या इलेक्ट्रिशियनचं नाव मी विचारलंच नाही. कानामागे पेन्सिल, तोंडात सुपारी. "फ्यूज बॉक्स जळालाय, नवा टाकतो," म्हणाला. मग एकेक वायर सोडवायची, तिला कागदाची पट्टी बांधायची, वर 'ब्रेक', 'हॉर्न' लिहायचं. कागद कुठला? केबिनमधली आमची पत्रकं!

"अहो काका, जनतेसाठी छापलीत ती! फाडताय काय?"

"वाचलं रे मी," तो मान वर न करता म्हणाला. "आमचा नळही कोरडाच आहे. पण केवढं लिहिलंयस! मागची बाजू कोरी ठेवलीस, तेवढं बरं केलंस."

ड्रायव्हर खो-खो हसला. मलाही राग धरून ठेवता येईना.

नवा बॉक्स बसला. मी पट्ट्या ओढायला गेलो, तर त्याने माझा हात धरला. "राहू दे. पुढच्या मिस्त्रीला कुठली वायर कशाची ते शोधत बसायला नको."

मग पुसलेल्या हाताने त्याने एक अख्खं पत्रक उचललं आणि मागच्या चाळीत गेला. परतला तो बायकोला घेऊन.

"हिला पुढे बसव," तो म्हणाला. "हिचा आवाज तुझ्या लिहिण्यापेक्षा लांब जातो."