न्हाणीतून आलेला जहाजाचा आवाज

आधीच सांगतो, मी असलं काही मानणाऱ्यातला नाही. आम्ही बौद्ध. उतारे, भगत, अंगात येणं... यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. तरीही लिहितोय, कारण हे दुसऱ्या कुणाचं ऐकीव नाही, माझ्याच कानांनी ऐकलेलं आहे.

मी सोलापूरचा, फर्निचरचं काम करणारा. गेली काही वर्षं क्रूझ जहाजांवर केबिन बसवायला जातो. जुनी केबिन पार उखडायची आणि नव्या भिंती, छत, बेड, बाथरूम बसवायचं. धाकट्या बहिणीचे, सुनीताचे मिस्टर अनिलराव माझे जोडीदार होते. मागच्या खेपेला प्रवासी नव्हते, जहाज चाललं होतं आणि आमचं कामही. सकाळच्या चहानंतर "जरा वर वारा खाऊन येतो" म्हणून अनिलराव गेले... ते आलेच नाहीत. जहाज मागं वळवलं, बोटी सोडल्या, एकेक केबिन उघडून पाहिली. कंपनी म्हणाली, समुद्रात पडले असावेत. बॉडी मिळाली नाही, म्हणून मृत्यूचा दाखलाही नाही.

मी एकटाच घरी आलो. सुनीता रडली नाही. म्हणाली, "दादा, ते घरीच हायत. रोज दुपारी न्हाणीत असत्यात."

मला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. तरी विचारलं, "कशावरून?"

"आवाज येतो की. जोरात हवा ओढल्यागत... लई जोरात. मग गप."

मी तो आवाज ओळखला. जहाजावरच्या संडासात बटण दाबलं की हवेनं सगळं खेचलं जातं. त्याचा असाच दचकवणारा आवाज होतो. सुनीतानं जहाज कधी पाहिलेलं नाही. "अनिलरावांनी सांगितलं असेल," मी म्हणालो.

"असलं कशाला सांगत्याल बायकोला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडं थांबलो. विजापूर रोडला दोन खोल्यांचं घर, मागं न्हाणी, तिच्या भिंतीपलीकडं मोकळा प्लॉट. बाहेर ऊन रणरणत होतं, नळाला पाणी नव्हतं. आणि तो आवाज आला. तोच! सुनीता पुढच्या खोलीत होती. मी न्हाणीचं दार ढकललं. कोरडी बादली, कोरडी फरशी.

मग समोरच्या भिंतीतून कुणीतरी बोललं — "धरा की, पाव्हणं."

अनिलराव. आवाज पार दमलेला.

जहाजावर छताचं पॅनल दोघं मिळून चढवतात. एकानं "धरा" म्हणायचं, दुसऱ्यानं पक्कं पकडलं की "धरलं" म्हणायचं, मगच पहिला हात सोडतो. इतकी वर्षं तेच केलेलं... माझ्या तोंडून निघून गेलं, "धरलं!"

पुढं काही नाही. मी धावत मागच्या प्लॉटवर गेलो, हाका मारल्या. बाभळीच्या सावलीला एक कुत्रं पडलेलं, बाकी चिटपाखरू नाही.

परत आलो तर सुनीता भिंतीला दोन्ही तळवे लावून उभी. "काय म्हणले? मला नीट ऐकू न्हाई आलं."

मी सांगितलं. "धरलं"चा अर्थही सांगितला. ती हळूहळू खाली बसली. "म्हंजे त्यांनी हात सोडला की रं..."

त्या दिवसापासून आवाज बंद आहे. प्लंबर आणून पाइप तपासले, काही निघालं नाही. मी कान दाखवून आलो, कान चांगले आहेत. दोघांनाही भास झाला म्हणावं, तर जहाजातला आवाज तिला कसा माहीत? मला आजही सांगता येत नाही.

सुनीता कुठंच जात नाही. दुपारी पंखा बंद करून न्हाणीच्या दारात बसते. परवा मी निघालो तेव्हा मान वर न करता म्हणाली, "दादा, धरलं म्हणायच्या आधी मला हाक मारायची होतीस."

मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो.