बाहेरच्यांचा लो बीपी

पेशंट समोर बसला की तो दंडाला पट्टा गुंडाळायचा, रबरी फुगा फसफस दाबायचा आणि पारा खाली उतरत असताना खिडकीतून बाहेरच्या बाकावर किती माणसं बसलीत ते बघायचा. मग मान हलवून म्हणायचा, "लो झालाय. बिलकुल लो. थकवा त्याच्यानंच. बाटली लावू."

गावात त्याला सगळे डॉक्टरसाहेब म्हणत. मला ते आजही जमत नाही. मी त्या वेळी हसनाबादच्या शाळेत शिक्षिका होते. त्याच्याच अंगणातली एक खोली मी भाड्यानं घेतली होती. पुढे दवाखाना, मधे त्याचं घर, मागे अंगण आणि माझी खोली. शाळेला जायची वाट दवाखान्यातूनच होती, त्यामुळे त्याची विद्या मला रोज जवळून पाहायला मिळायची.

तुमच्याही गावात असा एखादा असेल. कापूस वेचून वेचून मोडलेल्या बाया त्याच्याकडे यायच्या. त्यांना पोटभर जेवण आणि चार दिवस आराम हवा असायचा. तो त्यांना सलाईन लावायचा. बाटलीत एक इंजेक्शन सोडलं की पाणी पिवळंधमक व्हायचं. बायांनाही ती पिवळी बाटलीच आवडायची, पांढरीत ताकद नसते म्हणायच्या. हे त्यांना कोणी शिकवलं होतं, ते सांगायला नको. घरी परतताना बाया एकमेकींना कौतुकानं सांगायच्या, आपला बीपी लो निघाला. कष्टानं थकलो, हे म्हणायची त्यांना लाज वाटे. लो बीपीची वाटत नसे.

त्याची बायको जवळच्याच धावडा गावची. मी तिला वहिनी म्हणायचे. मी राहायला आले तेव्हा ती अंगणात भराभर धुणं धुवायची. वर्षभरात तिची चाल बदलली. चुलीपुढून उठताना भिंतीला हात लावी. हंडा अर्धा भरला की खाली बसे. चेहरा आणि बोटांची पेरं काळवंडली, गळ्याची हाडं दिसू लागली. सकाळी झोपून उठल्यावरही ती दिवसभर राबल्यासारखी दिसायची. एकदा तिला मी मिठाचे खडे चघळताना पाहिलं. ती ओशाळली. म्हणाली, "मिठाशिवाय गोडच लागंना काई. उठलं की डोळ्यापुढं अंधारी येती बाई. ताकद कुठं गेली, कळंना."

मी ते त्याच्या कानावर घातलं. त्यानं हसून सांगितलं, की माहेरी लाडात वाढलेली आहे, आळस अंगात भिनलाय. मी म्हटलं, एकदा पट्टा तरी लावून बघा. त्यावर तो काय म्हणाला ते मी शब्दशः सांगते.

"घरच्या माणसाला कसला लो बीपी, बाई? ते बाहेरच्यांला असतं."

आणि पुढच्या बाईची पापणी ओढायला वळला. आपण काय बोलून गेलो हे त्याला कळलंही नाही.

दुसरं वर्षही तसंच गेलं. तो बाहेर बायांच्या थकव्याची विचारपूस करायचा आणि आत येऊन ताट वेळेवर का नाही म्हणून ओरडायचा. वहिनी काही बोलत नसे. बोलायलाही दम लागतो.

मग दिवाळीनंतर औषधकंपन्यांची माणसं त्याच्याकडे जेवायला येणार होती. वहिनीला दोन दिवस ताप होता, उलट्या होत होत्या. तरी तो सकाळीच पुरणाची फर्माईश करून गेला. दुपारी काहीतरी आदळल्याचा आवाज आला म्हणून मी धावले. वहिनी पाट्याजवळ पडली होती, हातपाय गार. तो पुढून आला. आधी म्हणाला, "ऊठ, लोक आलेत." ती उठली नाही. मी तिच्या तोंडावर पाणी मारलं, तरी नाही. मग त्याचा चेहरा उतरला.

त्यानं पट्टा आणला. फुगा दाबला, नळ्या कानाला लावल्या, पाऱ्याकडे बघत राहिला. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबला. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मग कानातून नळ्या काढून माझ्यापुढे धरत म्हणाला, "बाई, तुमी ऐका बरं. मला आवाजच येऊन न्हाई राह्यला."

मी मराठी शिकवणारी बाई. मी काय ऐकणार होते? मी जीप आणायला पळाले. परत आले तेव्हा त्यानं तिला सलाईन लावलं होतं. या खेपेला साधंच, पांढरं. जीपमध्ये मी बाटली हातात उंच धरून बसले आणि आम्ही तिला औरंगाबादला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी दोन-तीन दिवसांत दुखणं शोधलं. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी निकामी झाल्या होत्या. त्यामुळे अंगातलं मीठ निघून जात होतं, बीपी खाली जात होता, आणि तो थकवा म्हणजे हेच. रोजच्या गोळ्या घेतल्या तर ती नेहमीसारखी जगेल, असं त्यांनी सांगितलं. पुष्कळांचा बीपी मुळातच कमी असतो आणि त्यांना काही होत नाही, पण ही सतत का थकते, हे कुणीतरी वेळेवर विचारायला हवं होतं, हेही ते बोलले. वाटेतल्या सलाईननं तिला तग धरता आला, हे त्यांचंच वाक्य.

त्यानं त्यातलं एवढंच शेवटचं वाक्य गावात आणलं. आठवड्यात दवाखाना पुन्हा भरला आणि पट्टा गुंडाळता गुंडाळता तो सांगू लागला, "आमच्या घरचं माणूस मरणाच्या दारातून परत आणलं. माझ्या बाटलीनं." खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त संताप यायचा. बाया हात जोडायच्या.

औरंगाबादहून परस्पर माहेरी गेलेली वहिनी महिन्यानं भावाबरोबर आपले कपडे न्यायला आली. चेहऱ्यावर तजेला होता, पाऊल नीट पडत होतं. बाक भरलेला होता आणि त्याची कथा रंगात आली होती. ती दारात उभी राहून ऐकत होती. संपल्यावर शांतपणे म्हणाली, "बाटली लावायला दोन वर्षं का लागली, ते पन सांगा मंग यांला."

तो घाईनं पुन्हा फुगा दाबू लागला. ती कपड्यांचं बोचकं घेऊन बाहेर थांबलेल्या जीपमध्ये जाऊन बसली. ती पुन्हा आली नाही.

बाकावरच्या बाया एकेक करून उठल्या. ज्या बाईच्या दंडाला पट्टा होता, तिनं तो स्वतःच काढून टेबलावर ठेवला.

त्या संध्याकाळी तो अंगणात चूल पेटवत होता. ओलं लाकूड पेटेना, धूर माझ्या खोलीपर्यंत आला. खोकत, डोळे पुसत तो कितीतरी वेळ फुंकत होता, मग तव्यावर काहीतरी करपल्याचा वास आला. त्यानं एकदा माझ्या दाराकडे पाहिलं. माझ्या भाकरी झाल्या होत्या, टोपलीत फडक्याखाली गरम होत्या. मी दार लावून घेतलं आणि जेवायला बसले.