मासेवाल्या गिटारीवरचा दावा

गेल्या वर्षी जूनमधल्या एका मंगळवारी, डबे उघडायच्या वेळेला, आमच्या रे रोडच्या गाळ्यावर न्यायालयाची कागदपत्रं पोहोचली. माझा नवरा त्या गाळ्यात गिटारी बनवतो. भायखळ्यात गिटारीच बनवणाऱ्या दुसऱ्या एका माणसाने त्याच्यावर दावा लावला होता. मागण्या दोन होत्या. गिटारीवर मासा बसवणं ताबडतोब बंद करावं, आणि तयार मालावरचा मासा काढून टाकावा.

माझी नोकरी वर्तमानपत्रात झाली. त्यातली बरीच वर्षं न्यायालयाच्या बातम्या तपासण्यात गेली, त्यामुळे कागद मी वाचले. वाचून झाल्यावर नवऱ्याला थोडक्यात सांगितलं. त्याने एकच प्रश्न विचारला.

"काढायचा म्हणजे कसा?"

प्रश्न बरोबर होता. मासा चिकटवलेला नसतो. गिटारीच्या हेडवर, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या वरच्या टोकावर, शिसवीची पातळ पट्टी असते. तिच्यात खाच कोरायची आणि बारीक करवतीने कापलेला शिंपल्याचा मासा त्या खाचेत बसवायचा. तो उपटला तर खाली माशाच्याच आकाराचा खड्डा राहतो. दावा लावणाऱ्याला हे माहीत नसणं शक्य नव्हतं, कारण दोघं हे काम एकाच ठिकाणी शिकले होते.

ठाकूरद्वारजवळच्या एका वाडीत त्या काळी एक मास्तर व्हायोलिनी दुरुस्त करायचे आणि गिटारी बनवायचे. ते मूळचे कोळीवाड्यातले. आपल्या प्रत्येक गिटारीवर ते शिंपल्याचा मासा बसवत. का, हे त्यांनी कोणाला सांगितल्याचं दोघांनाही आठवत नाही. नवरा परळच्या गिरणी कामगाराचा मुलगा, मूळ मालवणकडचा. दुसरा गिरगावातलाच. दोघं विशीत मास्तरांच्या हाताखाली लागले. मास्तर वारल्यावर दोघांनी आपापलं काम सुरू केलं आणि दोघांनीही मासा ठेवला. कोणी कोणाला विचारलं नाही.

पुढे भायखळ्याचा धंदा वाढला. तिथे यंत्रं आली, ऑनलाइन विक्री सुरू झाली, आणि वर्तुळातला मासा हे चिन्ह रीतसर नोंदवलं गेलं. नवऱ्याने काहीच नोंदवलं नाही. गिटारीवर स्वतःचं नावसुद्धा घातलं नाही. गिऱ्हाईक 'मासेवाला' एवढंच विचारत यायचं. रे रोड स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला कोणी विचारलं, मासेवाला कुठे बसतो, तर तो आधी विचारायचा, "खायचा की वाजवायचा?"

मासा गेला असता तर ही गिटार कोणाची हे सांगणारं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. दादरच्या एका शाळेने त्याच सुमारास मुलांसाठी लहान मापाच्या गिटारी सांगितल्या होत्या. त्या जवळपास तयार होत्या, मासे बसवून झाले होते. दाव्याची गोष्ट शाळेच्या कानावर गेली. मुख्याध्यापिकांनी फोन करून सांगितलं, "कोर्टाचं मिटू द्या, मग पाठवा. नाताळपर्यंत आम्ही थांबतो." त्यापुढे थांबणार नाहीत, हे त्यांनी न बोलताही समजलं.

आमच्या वकील दादरच्या. वयाने तरुण, नवऱ्याला काका म्हणायच्या.

"काका, जुनी बिलं आहेत का? मासा छापलेली?"

"बिलावर मासा कशाला छापू? बिल काय वाजवायचंय?"

"बरं. मग हा परिच्छेद ऐका. ते म्हणतात, तुमच्या गिटारी त्यांना गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा इंटरनेटवर दिसल्या. त्याआधी तुम्ही मासा वापरता हे त्यांना माहीतच नव्हतं."

नवरा हसला. कागद आल्यापासून पहिल्यांदाच.

"त्याला माहीत नव्हतं? दर श्रावणात पूजेला येतो तो. पोटभर शिरा खातो, वर डब्यात भरून नेतो."

गाळ्यात दर श्रावणात सत्यनारायण असतो. आजूबाजूचे लाकडाचे वखारवाले, पॉलिशवाले, भायखळ्यापर्यंतचे वाद्यवाले, सगळ्यांना निरोप जातो. धंद्यात ज्याच्याशी सगळ्यात जास्त वाकडं, त्याला निरोप आधी. ही तिथली रीत आहे. कोणी कोणाचा कारागीर पळवला, कोणी गिऱ्हाईक फोडलं, अशा तक्रारी प्रसाद झाल्यावर तिथेच बसून मिटवतात.

मी फोनमधले फोटो शोधले. एकात वादी मांडी घालून बसलेला होता, हातात शिऱ्याचा द्रोण. मागच्या भिंतीवर टांगलेल्या गिटारी, प्रत्येकीच्या हेडवर मासा. त्याच्या आदल्या वर्षीचा फोटो होता, त्याच्याही आदल्या वर्षीचा होता.

वकिलांनी फोन हातात घेतला. "ताई, हे सोनं आहे. वर्षानुवर्षं माहीत असून जो गप्प बसला, त्याला आज तातडीचा मनाई हुकूम कसा मिळेल? मला हे आत्ताच पाठवा."

"हा फोटो द्यायचा नाही," नवरा म्हणाला.

"का?"

"पूजेला बोलावलेला माणूस आहे. प्रसाद खाताना काढलेला फोटो आहे."

"अहो, तो प्रतिज्ञेवर खोटं बोललाय," मी म्हटलं.

"बोलला असेल. म्हणून काय, आपण त्याला पुरावा गोळा करायला बोलवत होतो? उद्या कोण येईल माझ्याकडे प्रसादाला?"

माझं मत वकिलांच्या बाजूने होतं आणि आजही तेच आहे. पण वकीलपत्रावर सही त्याची होती. फोटो दिला गेला नाही. उत्तरात एवढंच आलं की दोघं एका मास्तरांकडे शिकले आणि वादीला मासा सुरुवातीपासून ठाऊक आहे. जोडायला पुरावा नव्हता.

पहिल्या तारखेला हुकूम निघाला नाही. न्यायाधीशांनी विचारलं, "मासा मुळात कोणाचा?" दोन्ही वकील एकाच वेळी म्हणाले, "माझ्या अशिलाचा." न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं आणि तातडीचा अर्ज त्यानंतर ऐकू असं सांगितलं. म्हणजे तोपर्यंत मासा शाबूत होता. खाली उतरल्यावर नवऱ्याने दोन प्लेट बटाटेवडे खाल्ले. त्याआधीचे तीन आठवडे तो अर्धा डबा परत आणत होता.

वकिलांनी बजावलं, "आता समोरच्यांशी एक शब्द नाही. फोन नाही, निरोप नाही, सकाळचं गुड मॉर्निंगसुद्धा नाही. काहीही बोलाल, ते तुमच्यावरच उलटेल."

त्यामुळे श्रावणात भायखळ्याला निरोप गेला नाही. पूजा झाली. लोक आले. एका वखारवाल्याने विचारलं, "भायखळ्याचे शेठ दिसत नाहीत?" नवरा म्हणाला, "कामात असेल."

मध्यस्थीची पहिली बैठक गणपती गेल्यावर झाली. मध्यस्थ एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. मी गाळ्याची भागीदार आहे, म्हणून बसले होते. मध्यस्थीत बोललेलं पुढे न्यायालयात वापरता येत नाही, हे बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं. खाली लिहिलंय ते दोघांना विचारून लिहिलंय.

बाईंनी वादीला विचारलं, "तुमचं म्हणणं काय आहे, तुमच्या शब्दांत सांगा."

त्याच्या वकिलांनी पुढे केलेला कागद त्याने बाजूला सारला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"यंदा पूजा झाली?"

"झाली," नवरा म्हणाला.

"मग मला निरोप का नाही?"

त्याच्या वकिलांनी त्याच्या दंडाला हात लावला. त्याने तो काढला.

"थांबा हो जरा. मास्तर गेल्यापासून एक श्रावण चुकवला नाही मी. अॅटॅक आला त्या वर्षीसुद्धा आलो, मुलाच्या खांद्याला धरून. आणि यंदा निरोप नाही? भांडण माशाचं आहे ना रे? की सत्यनारायणाचं आहे?"

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे यांच्या गाळ्यावर तुम्ही दरवर्षी जाता?"

"जातो म्हणजे? शिऱ्यात केळं कमी पडलं तर मीच सांगतो. वहिनींना विचारा."

"आणि तिथे मासा बसवलेल्या गिटारी असतात?"

"गिटारवाला आहे तो. भिंतीला काय टांगणार, बोंबील?"

त्याच्या वकिलांनी फाइल मिटली.  बाईंनी समोरचा कागद उलटला. "प्रतिज्ञापत्रात तर वेगळं लिहिलंय."

"पेन्सिलीने फुल्या मारून दिल्या होत्या, तिथे सह्या केल्या. सगळं इंग्लिशमध्ये. मला सांगितलं, स्टिकरवाल्यांवर कारवाई आहे."

हळूहळू उलगडा झाला. माशाचा स्टिकर लावलेल्या स्वस्त गिटारी ऑनलाइन विकल्या जात होत्या. ते थांबवायला त्याच्या मुलाने मासा दिसेल त्या प्रत्येकाची माहिती काढून वकिलांना दिली. आमच्या एका गिऱ्हाइकाने गिटार वाजवतानाचा व्हिडिओ टाकला होता, त्यावरून नवराही त्या यादीत आला. गाळ्याचं कागदोपत्री नाव माझ्या माहेरच्या देवीचं आहे. ते वादीला कधी ठाऊकच नव्हतं. आमचं उत्तर हातात पडलं तेव्हा त्याला कळलं की दावा कोणावर गेलाय.

"मग कळल्यावर तरी फोन करायचास," नवरा म्हणाला.

"तू करायचास. दावा तुझ्यावर होता."

"वकिलांनी सांगितलं, बोलू नका."

"मलाही तेच सांगितलं."

दोन्ही वकील आपापल्या कागदांकडे बघत होते.

"मी म्हटलं, श्रावणात जाईन तेव्हा बसून बोलू. रोज वाट बघतोय. निरोपच नाही! मग म्हटलं, बरं साल्या, लढ आता."

"मी कशाला लढतोय? मी खड्डा कसा बुजवायचा याच्या विचारात होतो."

"कसला खड्डा?"

"मासा काढला की पडतो तो."

वादीने कपाळाला हात लावला. "काढायला कोणी सांगितलं?"

"तुझ्या कागदात आहे," नवरा म्हणाला. "दुसरी मागणी."

लिफ्टमध्ये शिरल्यावर आमच्या वकील इतक्या हसल्या की लिफ्टमन वळून बघायला लागला. मीही हसले. नवरा दाराकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. त्या रात्री घरी कोणी दाव्याचा विषय काढला नाही, आणि जूननंतर असं पहिल्यांदाच झालं.

अर्थात एवढ्याने काम झालं नव्हतं. पुढच्या बैठकीला वादीचा मुलगा आला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "बाबा, एकाला मासा वापरू दिला की उद्या स्टिकरवाले तेच दाखवतील. आम्हाला का नाही, म्हणतील." त्याच्या वकिलांनीही मान डोलावली. तासभर कोणालाच वाट सुचली नाही, आणि मला वाटलं, आता पुन्हा न्यायाधीशांसमोर जावं लागणार.

वाट बाईंनी काढली. दोघांनी एका मास्तरांकडे शिकून हे चिन्ह घेतलं, हेच संमतीच्या अटींत, म्हणजे तडजोडीच्या कागदात, सगळ्यात आधी लिहायचं. तो आधार तिसऱ्या कोणाला मिळणार नाही. भायखळ्याचा मासा वर्तुळात राहील, रे रोडचा वर्तुळाशिवाय. आणि गिटारीच्या पोटात, गोल छिद्रातून दिसेल असा, बनवणाऱ्याच्या नावाचा कागद दोघांनीही लावायचा.

शेवटच्या अटीवर नवरा अडला. "नाव लिहिल्याने आवाज सुधारतो का?"

"नाही," वादी म्हणाला. "पण दावा वाचतो. लिही गप."

"अक्षर माझं चांगलं नाही."

"छापून घे रे मालवण्या! माझ्या पोराकडे यंत्र आहे, देईल काढून."

मुलाने वडिलांकडे बघितलं आणि विचारलं, "किती लागतील काका?"

बाहेर पडताना वादी माझ्यापाशी थांबला. "वहिनी, पुढच्या श्रावणात निरोप आला नाही ना, तर मी दुसरा दावा ठोकेन. तो मागे घेणार नाही."

संमतीच्या अटींवर दिवाळीच्या आधी सह्या झाल्या. या वेळी वादीने सही करण्याआधी प्रत्येक पान मुलाकडून मराठीत वाचून घेतलं. त्यामुळे बराच वेळ गेला. कोणी तक्रार केली नाही. पुढच्या तारखेला न्यायालयाने अटी नोंदवून घेतल्या, तातडीचा अर्ज आणि दावा दोन्ही निकाली काढले. हुकमाची प्रत मी दोनदा वाचली. मनाईचा शब्द त्यात कुठेही नव्हता.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना मी त्याच दुपारी फोन केला. त्यांनी विचारलं, मासा राहिला का. राहिला, असं सांगितलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गिटारी टेम्पोने दादरला गेल्या. सगळ्यांच्या हेडवर शिंपल्याचा मासा होता आणि पोटात माझ्या नवऱ्याच्या नावाचा छापील कागद.