वाफेचा व्हॉल्व्ह कोणी बंद केला

हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत बॉयलरवाले दादा एकोणतीस वर्षं होते. त्यातली बावीस वर्षं त्यांनी एकच आग विझवली, पण जवळजवळ रोज.

आग खरीच लागली होती. इस्त्रीखात्यातला चादरींचा ढीग पेटला आणि कोणीतरी धुरात शिरून वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, म्हणून पाइप फुटायचे वाचले. ते कोणीतरी म्हणजे दादा. नवा माणूस कामाला लागला की आधी त्याला हजेरीचं कार्ड मिळे, मग दादांची गोष्ट. तिच्यात काय नव्हतं! डोळ्यांत झोंबणारा धूर, व्हॉल्व्हच्या तापलेल्या चाकाने भाजलेला तळवा, मागून कोणाची तरी किंकाळी. बरं, माणूस खोटारडा म्हणावा, तर रस्त्यात सापडलेली छत्रीसुद्धा मालक शोधून परत करणारा.

निवृत्तीच्या समारंभात मॅनेजरांनी त्यांना लाँड्रीचे तारणहार म्हटलं आणि भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. घरी आल्यावर बायकोने ते घड्याळ टेबलावर ठेवलं.

"अहो, आग लागली त्या दिवशी तुम्ही कामावर नव्हताच. दाढ काढायला गेला होता. मी शेजारी बसले होते."

बावीस वर्षं गप्प का होतीस, असं दादांनी विचारलं. चारचौघांत नवऱ्याला कशाला तोंडघशी पाडायचं, म्हणून ती गप्प होती. पण आता ते घरी बसणार, म्हणजे ती गोष्ट रोज तिलाच ऐकावी लागणार. तेव्हा वेळीच बोललेलं बरं.

कागदांच्या पिशवीत दाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी निघाली. तारीख तीच. दादांनी शांतपणे निष्कर्ष काढला की डॉक्टरांनी तारीख चुकीची टाकली. माणसं किती निष्काळजी असतात!

तरी दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीवाल्या ताईंकडे गेले. आगीच्या वेळी त्या त्याच खोलीत होत्या.

"तुम्हीच होता की, दादा," ताई म्हणाल्या. "मी या डोळ्यांनी पाहिलंय."

दादांचा जीव भांड्यात पडला. ताईंनी चहाचा कप पुढे केला, तेव्हा त्यांच्या तळव्यावर भाजल्याचा जुना, गोलसर वळणाचा वण दिसला. कधीतरी इस्त्रीने भाजलं असेल, असं ताई म्हणाल्या. पण इस्त्रीची कड सरळ असते, आणि त्या चाकाचं वळण दादा एकोणतीस वर्षं हाताळत होते.

मग त्यांना हळूहळू आठवलं. आगीनंतर दुसऱ्या दिवशी ते सुजलेला गाल घेऊन कामावर आले होते. हाताला पट्टी बांधलेल्या ताई सगळी हकिगत सांगत होत्या, आणि बोलता येत नसल्यामुळे सगळ्यात मन लावून ऐकलं ते दादांनीच. पुढे पाहुण्यांना सांगताना आधी 'आमच्या लाँड्रीत' झालं, मग 'आम्ही', मग 'मी'. हा 'मी' नेमका कधी घुसला, ते काही केल्या सापडेना. दादांची मान खाली गेली.

"व्हॉल्व्ह तुम्ही बंद केलात, ताई. मी दाढ काढून घेत होतो."

"काहीतरीच काय! मी कुठली एवढी धीट?" ताई हसल्या. मग आपल्या तळव्यावरच्या वणावरून बोट फिरवत राहिल्या. चहा निवला.

दादांनी लाँड्रीत जाऊन जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. ऐकून लोक गहिवरले. एवढं करूनही श्रेय दुसऱ्याला देतात, असा निगर्वी माणूस होणे नाही, असं मॅनेजर म्हणाले. दादांनी चिठ्ठी दाखवली, पण ती वाचायला चष्मा कोणाजवळच नव्हता.

इस्त्रीखात्यातली मुकादमाची जागा ताईंनी 'मला नाही झेपायचं' म्हणून दोनदा नाकारली होती. त्या आठवड्यात त्या स्वतः मॅनेजरांच्या खोलीत गेल्या आणि ती जागा मागून आल्या. त्यांना खरोखर काही आठवलं का, हे दादांनी विचारलं नाही. आठवणींच्या बाबतीत आपलं मत कोणी घेऊ नये, एवढं त्यांना कळून चुकलं होतं.