लेखी द्या, मगच आत या

सुमन आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घरमालकाला दारातून परत पाठवणं.

लालबागची आमची भाड्याची खोली. पावती बायकोच्या, म्हणजे सुमनच्या नावावर, तिच्या वडलांपासूनची. घरमालक शेटची खोड अशी, की न विचारता आत शिरायचा, नळ सोडून बघायचा, भिंतीवर टिचक्या मारायचा. भाडेकरूंच्या मीटिंगला सुमन ऐकून आली, नव्या कायद्यात मालकानं एक दिवस आधी लेखी कळवायचं. दुसऱ्याच दिवशी शेट आला, तर बाई आमटीचा डाव घेऊन दारात!

"शेटनू, लिवन देवा, मगे येवा!"

"हां, लेखी!" मी मागून. (घाबरत. शेटला नाही, डावाला.)

शेट गेला. चार दिवसांनी सुमनही गेली, झोपेत. तिनं काही आधी कळवलं नाही.

ती गेल्याच्या पाचव्या दिवशी शेट पांढऱ्या कपड्यांत दारात. म्हटलं, आला खोली घ्यायला!

"तात्या, मी फक्त..."

"लेखी आहे?"

"अहो, पण..."

"लेखी!"

त्याच्या मागे सुमनची बहीण उभी. "भावोजी, मी पण नोटीस देऊ काय?"

"नियम म्हणजे नियम!" दार बंद.

संध्याकाळी दाराखालून चिठ्ठी आली. मी दुसरी नापास. वाचायचं खातं सुमनकडे. मला फक्त तिचं नाव ओळखू आलं. झालं! खोली खाली करा, दुसरं काय लिहिणार? रागानं लोखंडी खाट ओढून दाराला आडवी लावली. खाटेचा पाय मोरीच्या कठड्याला गच्च अडकला.

शेजारच्या परबवहिनींनी खिडकीतून चिठ्ठी घेऊन वाचली : 'सुमनताई गेल्या, वाईट वाटलं. उद्या सकाळी नऊला भेटायला येतो. पावती तुमच्या नावावर करायचे कागद आणतो.'

"काय हो तात्या, भल्या माणसाला हाकललंत!"

"भला कसला! नळ बघायला येतोय."

सकाळी सातपासून खाट ओढली. हलेना. ती सरकवायला आम्ही कायम दोघं लागायचो, हे रागात आठवलंच नव्हतं.

नऊला शेट हजर. "येऊ का आत?"

"या की!" म्हणालो. येणार कुठून?

खिडकीच्या गजांतून त्याला चहा दिला. गजांतूनच कागद घेऊन सही केली. (तेवढी सुमननं शिकवलेली.) शेटनं गजाला नाक लावलं. "तात्या, नळ गळतोय."

मालकानं आत यायला कधी कळवायचं, ते सुमननं सांगितलं होतं. भाडेकरूला बाहेर यायचं असेल तर कुणाला कळवायचं, तेवढं विचारायचं राहिलं!