बंगळुरातली डब्यातली मेजवानी

मिरजेहून गाडी सुटली तेव्हा माझ्याकडे दोन कामं होती. भाऊ प्रकाशसाठी चकल्यांचा डबा पोचवायचा, आणि त्याची नवी बायको वैशाली पत्रात नुसतं ‘मी ठीक आहे’ एवढंच का लिहिते ते बघून यायचं. दुसरं काम आईने दिलं होतं आणि ते चकल्यांपेक्षा जड होतं.

सकाळी बंगळुरात उतरले तर हवा अशी गार, की सांगलीकर माणसाला वाटावं कोणीतरी चुकून दार उघडं ठेवलंय. प्रकाश राजाजीनगरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता. खाली घरमालकीण तुळसक्का. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी आपल्याकडून इथे आलेलं. मराठी आपलीच, पण वाटेत कानडी भरपूर गोळा केलेली.

“या हो, बसा. ऊट (जेवण) झालं का? स्वल्प (थोडी) कॉफी तरी घ्या,” म्हणून त्यांनी मला जिन्यातच अडवलं आणि पेला हातात दिला. कॉफी इतकी उत्तम होती की वैशालीची चौकशी दहा मिनिटं राहूनच गेली.

वैशाली तासगावची, बी. ए. झालेली. लग्नात नाव घेताना मांडव हसवणारी ही मुलगी आता खिडकीपाशी गप्प बसून होती. प्रकाश संगणकाच्या कंपनीत अंधार पडेपर्यंत अडकलेला. हिला कानडी येत नाही, इंग्रजी येतं ते फक्त उत्तरपत्रिकेत. संध्याकाळी कोथिंबीर निवडताना मान वर न करता ती म्हणाली, “वन्सं, जाताना मला पण घेऊन चला. बॅग भरून ठेवलीय.”

मी काही बोलणार तेवढ्यात प्रकाश आला, तो उड्या मारतच. “ताई, रविवारी हॅरिससाहेबांकडे पॉटलक आहे!”

पॉटलक म्हणजे साहेबाने घरी बोलवायचं आणि प्रत्येक पाहुण्याने एकेक पदार्थ करून न्यायचा.

“म्हणजे बोलावणं त्यांचं आणि स्वयंपाक आपला?” मी विचारलं.

“तिकडे अमेरिकेत अशीच पद्धत आहे.”

“मग आपला पदार्थ आपण इथेच खाऊ की. रिक्षाचं भाडं तरी वाचेल.”

“ताई, प्लीज. मॅडम स्वतः कॅसरोल करणार आहेत.”

हे तर मला अजिबात कळेना. आमच्याकडे कॅसरोल म्हणजे लग्नात आहेर म्हणून येणारा, चपात्या गरम ठेवायचा डबा. माझ्या लग्नात असे चार आले होते. डबा करायचा कसा आणि खायचा कसा?

रविवारी वैशालीने भरली वांगी केली. मी लुडबुड करायला गेले तर तिने मला हाताने बाजूला सारलं. तेवढं मला बरं वाटलं. साहेबांचा बंगला शिवाजीनगरच्या पलीकडे, जुन्या छावणीच्या भागात. वाटेत रिक्षा एका खड्ड्यात गेली आणि वांग्यांवरचा तेलाचा तवंग माझ्या इरकली साडीवर आला. रिक्षावाल्याने वळून हुंगलं आणि कौतुकाने विचारलं, “एनम्मा (काय बाई), सांबारा?” पुढचा सगळा समारंभ मी पर्स पोटाशी धरून उभी होते.

टेबलावर इडल्या होत्या, पुलाव होता, कोणीतरी बाजारातून आणलेला ढोकळा स्वतःचा म्हणून मांडलेला होता. मधोमध मॅडमचं, म्हणजे मार्थाबाईंचं, कॅसरोल. काचेच्या खोलगट भांड्यात शेवया, वर पांढरी खळ, त्यावर चीज, त्यावर चुरलेले वेफर्स आणि आत डब्यातलं मटण. डबा त्यांच्या आईने अमेरिकेहून पाठवलेला.

या मटणाबद्दल माझं मत मी इथे स्पष्ट मांडते. ते गुलाबी होतं, चौकोनी होतं आणि धुण्याच्या साबणाच्या वडीसारखं चारी बाजूंनी सारखं होतं. हाड नाही, नळी नाही, रेषा नाही. मटण खाताना बोकडाचा कुठला भाग आपल्या वाट्याला आला हे माणसाला समजायला हवं. इथे कुठलं जनावर, हेच समजेना.

सगळेजण एकेक चमचा घेऊन “व्हेरी नाइस, मॅडम” म्हणत आणि बागेकडे फिरायला जात. क्रोटनच्या कुंड्यांपाशी एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. मीही एक फेरी मारून आले.

मार्थाबाई प्रत्येकाला विचारत विचारत वैशालीपाशी आल्या. “हाऊ इज इट?”

वैशालीने घास गिळला. प्रकाश तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होता.

“नो सॉल्ट,” ती म्हणाली. मग इतके महिने मिटलेलं तोंड एकदा उघडलंच म्हणून, “नो चिली. नो...” ती माझ्याकडे वळली. “वन्सं, चवीला काय म्हणतात?”

“टेस्ट,” मी म्हटलं, आणि जीभ चावली.

“नो टेस्ट,” वैशालीने वाक्य पुरं केलं.

प्रकाशचा चेहरा कॅसरोलवरच्या खळीसारखा झाला. मार्थाबाईंनी चमचा खाली ठेवला, खुर्चीत बसल्या, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या काय म्हणाल्या ते प्रकाशने नंतर सांगितलं. वर्षभर सगळे व्हेरी नाइस म्हणतात आणि कुंडीत टाकतात, माळी रोज तक्रार करतो. खरं सांगणारं माणूस आज भेटलं.

त्या वैशालीला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. आतून कांदा चिरल्याचा आवाज आला, फोडणी चुरचुरली, आणि मग वैशालीचं ते मांडवातलं हसू. कॅसरोल पुन्हा बाहेर आलं तेव्हा वर हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर. चांगलं झालं होतं असं मी म्हणणार नाही. पण कुंड्यांपाशी कोणी गेलं नाही.

दोन दिवसांनी मार्थाबाई मटणाचे डबे घेऊन राजाजीनगरात हजर. तुळसक्कांनी एक डबा उलटासुलटा करून पाहिला. “कोण कापलं, कधी कापलं, काय ठाऊक? मी नाही हो खाणार. बाईला मात्र कॉफी देते, सरी (बरं)?”

वर वांगी शिजत होती. वैशालीने कॉटखालची बॅग ओढली, साड्या पलंगावर पालथ्या केल्या आणि रिकामी बॅग खांद्याला लावली. “वन्सं, आम्ही शिवाजीनगरला जाऊन येतो. मार्थाला खलबत्ता घ्यायचाय.” मग दारात थबकून, जरा लाजून म्हणाली, “आणि मी आत्ता नाही येत तुमच्याबरोबर. रागावणार नाही ना?”

रागावले नाही. पण गाडीत शेजारची जागा बघून जरा चुटपुट लागली, हे खरं. तिच्या बडबडीची मला त्या चार दिवसांत सवय झाली होती.

सांगलीत आईला सगळं सांगितलं, तिने देवापुढे साखर ठेवली. आमच्या भिशीतल्या बायकांना पॉटलकची कल्पना फारच आवडली. पुढच्या भिशीला प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचा ठरलं. कोण काय आणणार हे मात्र कोणीच कोणाला विचारलं नाही. डबे उघडले तर सगळ्याजणींचे दडपे पोहे.

कुणाचे कोरडे, कुणाचे खारट, एकीचे तर चक्क कालचे. प्रत्येकीने आशेने माझ्याकडे पाहिलं, कारण मी बंगळूर बघून आलेली. मी ओळीने सगळे चाखले आणि म्हटलं, “छान झालेत हो, सगळेच.”

खरं बोलायला तासगावची सून लागते. मी उठले आणि बशी घेऊन तुळशीच्या कुंडीकडे फिरायला गेले.