ऑरिनदादाची काळी गोटी

ऑरिन हॉल्स्टेडला गावात कोणी चांगलं म्हणायचं नाही, आणि त्याला त्याची फिकीरही नव्हती. ओहायोतल्या आमच्या कॉलेजात मुलांची बंधुमंडळं होती, प्रत्येकाचं राहायचं घर वेगळं. त्यातलं आमचं त्यानं १९०९ साली काढलं. का, तर गिरणी कामगाराचा पोरगा म्हणून श्रीमंतांच्या मंडळानं त्याला दारातून हाकललं होतं. "घाला चुलीत तुमचं घर, मी माझं बांधतो," म्हणाला, आणि बांधलंही! पुढं गावातच हार्डवेअरचं दुकान टाकलं, पण रविवारचं जेवण आमच्याकडे. मंडळात वय काहीही असो, सगळे भाऊ. म्हणून साठीच्या त्या खडूसाला आम्ही दादा म्हणायचो.

नियमही त्याचेच. नवा भाऊ घ्यायचा तर प्रत्येकानं लाकडी पेटीत एक गोटी टाकायची. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. एक जरी काळी निघाली तरी नाव बाद, आणि कोणी टाकली ते विचारायचं नाही. संस्थापकाला मरेपर्यंत मत.

१९४८ साली रॉस्को टिबेट्सचं नाव आलं. फौजेतून परतलेला, गणितात आम्हा सगळ्यांचा बाप. पण काळा. म्हणून ना वसतिगृहात खोली, ना गावात. सहा मैल चालत यायचा. बर्फ पडायच्या आत आमच्याकडे जागा मिळाली नाही तर कॉलेज सोडणार होता.

पेटी उघडली. बावीस पांढऱ्या, एक काळी.

पुढचं नाव बँकवाल्याच्या मुलाचं. एक काळी. मग पाद्र्याच्या मुलाचं. एक काळी. रॉस्कोनंतरची सातही नावं तशीच गेली.

"दादा, हे काय चालवलंय?" अध्यक्ष क्लाइड ओरडला.

"नियम पाळतोय. विचारायचं नसतं, तरी सांगतो, या सातही काळ्या मी टाकल्या. रॉस्को आत येईपर्यंत या दारातून कुत्रंसुद्धा येणार नाही."

"अहो, मंडळ बुडेल!"

"बुडू दे की! मीच काढलं, मीच बुडवीन. हा नियम करताना शेण खाल्लं मी, आता त्याच नियमानं तुमची जिरवतो."

तीन रविवार हेच. आधी रॉस्कोला एक काळी, मग बाकीच्यांना दादाची. कोणीतरी दुकानाची काच फोडली. पठ्ठ्यानं तिथं फळी ठोकली आणि वर खडूनं लिहिलं, 'रविवारी पुन्हा मतदान.'

चौथ्या रविवारी बर्फ पडलं. रॉस्को दारात आला, बूट भिजलेले. आत काही आला नाही. गणितं तपासायला दिलेली माझी वही परत दिली. "आठवं गणित चुकलं होतं तुझं. दुरुस्त केलंय. उद्यापासून येणार नाही मी."

ऐंशीला टेकलोय, आता कशाला लपवू? रॉस्कोच्या वेळची ती काळी गोटी माझी होती. बाप काय म्हणेल, या भीतीनं टाकत होतो. लाज वाटते सांगायला.

जेवणानंतर रॉस्कोच्या नावाची पेटी उघडली. तेवीस पांढऱ्या.

क्लाइड रॉस्कोला गाठायला रस्त्यावर धावला. दादानं एक काळी गोटी माझ्या मुठीत कोंबली. "तीन रविवार माझ्या समोर बसून जेवलास, पण एकदाही वर बघितलं नाहीस. ठेव ही. आणि खोली आवर, दुसरी खाट तुझ्याच खोलीत आहे."

लोक म्हणतात, हॉल्स्टेड हेकट होता. होताच! नसता, तर मी पाचव्या रविवारीही काळीच टाकली असती.